चढले किती, उतरले किती

डॉ. पावसकर कुठलाही शोधनिबंध वाचायला घेतला की आधी कानामागची पेन्सिल काढायचे आणि त्यातली कुत्री मोजायचे. शीर्षक नाही, लेखक नाही, निष्कर्ष तर नाहीच नाही. किती कुत्री औषधाला घेतली तो आकडा समासात लिहायचा, मग पानं उलटत शेवटच्या तक्त्यापर्यंत जायचं आणि तिथला आकडा त्याखाली मांडायचा. दोन्ही जुळले तर निबंध वाचायला योग्य. नाही जुळले तर दवाखान्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत येरझारा घालत, समोर जो असेल त्याला विचारायचं, "चढले किती, उतरले किती? मधले कुठे बुडाले?" बहुतेक वेळा समोर मी असायची.

पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी रत्नागिरीत त्यांच्या दवाखान्यात लागले तेव्हा सर पासष्टीचे होते. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की इथे जनावरं शांत असतात आणि डॉक्टर अस्वस्थ. चहा ते उभ्यानं प्यायचे. फोनवर बोलता बोलता फाटकापर्यंत जाऊन यायचे. एखाद्या मांजराच्या पोटाला हात लावला की मात्र असे स्थिर व्हायचे, की मांजरच चकित होऊन त्यांच्याकडे बघायचं. तपासणी संपली की पुन्हा खिशातल्या किल्ल्या खुळखुळायला सुरुवात. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. यांनी मांडी घातलेली मी फक्त लग्नाच्या पाटावर बघितली."

"तीसुद्धा सगळा वेळ नाही," सर म्हणायचे.

मोजण्याची खोड त्यांच्या वडिलांकडून आली होती. भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा वडील तरीवर होते. माणसं, टोपल्या, कधी एखादं वासरू, असं सगळं होडीतून पलीकडे न्यायचं हे त्यांचं काम. "बाबांची शाळा दुसरीपर्यंत," सर सांगायचे. "पण चढताना मोजायचे आणि उतरताना मोजायचे. एकदा एक म्हातारी टोपल्यांच्या मागे झोपली होती. बाकीचे ओरडतायत, उशीर होतोय म्हणून. बाबा म्हणाले, 'माझे एकवीस चढले, वीस उतरले. एकविसावा मिळेपर्यंत कोण हलायचा नाय.' आता मेघा, तू सांग. एवढे शिकलेले लोक पंचवीस कुत्री चढवतात, एकोणीस उतरवतात, आणि वर लिहितात की प्रवास सुखाचा झाला!"

औषधांवर त्यांचा राग नव्हता, अहवालांवर होता. औषधांच्या कपाटावर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरातला एक कागद चिकटवला होता. कोणत्या कुत्र्याला कोणतं औषध हे कोणी आणि कसं ठरवलं, लंगडणं कमी झालं असं सांगणाऱ्याला औषध कोणतं ते ठाऊक होतं का, आधी काय मोजायचं ठरलं होतं आणि शेवटी काय मोजलं, आणि जे मधेच गेले ते का गेले. पाळीव जनावरांवरच्या औषधचाचणीच्या अहवालात निदान एवढं तरी हवं, असं त्यांचं म्हणणं. महिन्यातून एकदा जिल्ह्यातले आठदहा डॉक्टर आमच्याकडे जमत, त्यांना सर हा कागद दाखवून हैराण करत. "माणूस निदान डॉक्टरला शिव्या देतो," ते म्हणायचे. "आपला पेशंट कोपऱ्यात जाऊन ओकतो आणि परत येऊन शेपटी हलवतो. त्याचं ओकणं कागदावर नाही आलं, तर ते झालंच नाही."

एकदा या बैठकीला बाहेरगावचा एक वक्ता आला. मांजरांच्या मूत्रपिंडाच्या आजारावर कुठलंसं नवं खाणं होतं, त्याची चाचणी त्याने केली होती. रंगीत तक्ते वगैरे दाखवून झाले. सर भिंतीला टेकून उभे. त्यांनी विचारलं, "कुठल्या मांजराला नवं खाणं द्यायचं, ते कसं ठरवलंत?" तो म्हणाला, "आम्हीच ठरवलं. ज्यांना फायदा होईल असं वाटलं, त्यांना दिलं." सरांचे डोळे चमकले. "म्हणजे बरी होणारी मांजरं तुम्हाला आधीच ओळखू येतात? मग खाणं कशाला विकता, मांजरंच विका की!" बिचाऱ्याने नंतर भजीसुद्धा खाल्ली नाहीत. मला तेव्हा फार हसू आलं होतं.

अशा माणसाच्या हाताखाली राहून मी जे केलं, ते आता सांगते.

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांधेदुखीवर एका कंपनीची नवी गोळी आली होती. जुन्या गोळीशी तिची तुलना करायची एक छोटी चाचणी आमच्या दवाखान्यात झाली. मांडणी सगळी सरांची. चाळीस कुत्री. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला गोळी ठरली. दोन्ही गोळ्या एकसारख्या पुड्यांत, वर फक्त नंबर. कोणत्या नंबरला कोणती गोळी ते लिहिलेलं पाकीट काकूंच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलेलं. "तिथे हात घालायची माझीसुद्धा हिंमत नाही," सर म्हणाले. जूनमध्ये सुरुवात केली. मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे बंदराकडची कुत्रीही बरीच मिळाली. आठ आठवडे गोळ्या आणि ऑगस्टमध्ये शेवटची तपासणी, असं ठरलं होतं.

नोंदी ठेवायचं आणि अहवाल लिहायचं काम माझं होतं. कंपनीच्या पुण्यातल्या संशोधन विभागात एक जागा निघणार होती, आणि अहवाल चांगला झाला तर ती मला मिळेल असं त्यांच्या साहेबांनी जवळजवळ सांगूनच टाकलं होतं. मला ती जागा हवी होती. रोज उठून गोचीड काढायचा आणि लशी टोचायचा मला कंटाळा आला होता, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

शेवटच्या तपासणीला चौतीस कुत्री आली. सहा आली नाहीत. मी फोन केले. "बोटी सुटल्या गो बाय आता, कसा जमणार," असं एकीनं सांगितलं. दुसरी म्हणाली, "बरा हाय, येतो सवडीनं." नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. रत्नागिरीत कोणी बोटी सुटल्याचं सांगितलं, की पुढे कोणी काही विचारत नाही. अहवालात मी एक वाक्य टाकलं, की मासेमारीचा हंगाम सुरू झाल्याने सहा कुत्र्यांचा पाठपुरावा होऊ शकला नाही. उरलेल्या चौतिसांचा हिशेब मांडला. पाकीट उघडलं. नवी गोळी जुनीपेक्षा सरस निघाली.

त्याच आठवड्यात सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याने त्यांना आधीच कमी दिसायचं. सही करण्यापूर्वी अहवाल मीच त्यांना वाचून दाखवला.

"चढले किती?" त्यांनी विचारलंच.

"चाळीस."

"उतरले?"

"चौतीस. सहा जणांचं बोटी सुटल्यामुळे राहिलं."

ते "हं" म्हणाले. त्यांनाही ते पटलं. मी पान उलटलं, जरा घाईनंच उलटलं, आणि सही घेतली.

अहवाल छापून आला तेव्हा सरांचा नवा डोळा चांगला कामाला लागला होता. सकाळी मी दवाखाना उघडते तोच ते मासिक हातात धरून आले, चप्पल न काढता आत शिरले. "बोटी सुटल्या म्हणजे काय गो?"

"म्हणजे... बोटी सुटल्या, सर."

"बोटीवर बाप्ये जातात. नोंदवही काढ." मी काढली. "वाच. ही कुत्री इथे घेऊन कोण आलं होतं? शेवंती. रेश्मा. ही तिसरी कोण, सुलोचना. बायका कधीपासून खोल समुद्रात जायला लागल्या? तरीवाल्याचा पोरगा मी, आणि मी हं म्हणालो! चल, स्कूटर काढ."

बंदरापाशी शेवंतीमावशी घराच्या मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती. आम्हाला बघून तिने हात धुतले, सरांना खुर्ची दिली. सर अर्थातच बसले नाहीत. त्यांनी तिच्या कुत्र्याची, काळूची, चौकशी केली.

"काळू गेला, डाक्टर," ती म्हणाली. "पुनवेच्या आधीच गेला. गोळी दिली की ओकायचा. मंग शी काळी व्हायला लागली. मी गोळी बंद केली, पण तवर त्याच्यात काय राहिला नव्हता."

मी म्हटलं, "मावशी, मी फोन केला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू एवढ्या मायेनं इचारीत होतीस. तुला कसा सांगू, तुजी गोळी आमच्या कुत्र्याला सोसली नाय म्हणून? तुला वाईट वाटला असता." वर तीच माझी समजूत काढायला लागली. "गोळी चांगलीच असंल गो. सगळ्यांना लागू पडली ना? आमच्याच काळूच्या नशिबात नव्हती."

किल्ल्यांचा आवाज थांबला होता. जनावराला हात लावलेला नसताना सर इतके स्थिर उभे राहिलेले मी पहिल्यांदाच बघितले. मग त्यांनी ओकाऱ्या कितव्या दिवसापासून, काळी शी कधी, गोळी कधी थांबवली, सगळं हळू आवाजात विचारून पेन्सिलीनं टिपून घेतलं. निघताना ते मावशीला म्हणाले, "चूक काळूच्या नशिबाची नाही. आमची आहे." तिला ते कळलं नसावं. तिने आम्हाला कोळंबी बांधून दिली.

आणखी तीन घरी गेलो. तिथेही तीच गोष्ट, फक्त ती कुत्री वाचली होती, कारण घरच्यांनी गोळी लवकर फेकून दिली होती. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. चारही घरांत नवी गोळी गेली होती. पाचवं कुत्रं मालकिणीने मुलीकडे संगमेश्वरला धाडलं होतं, तिथवर आम्ही गेलो. ते जुन्या गोळीवरचं होतं. अंगणात चांगलं धावत होतं. सरांनी त्याचे पाय दाबून बघितले आणि परत येताना म्हणाले, "हा एक खरा. आता सहावा. सत्तावीस नंबर. कोणाचा तो?"

मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन बघू. मला बघायची गरज नव्हती.

सत्तावीस नंबर म्हणजे बंड्या. सरांचा स्वतःचा बारा वर्षांचा कुत्रा, नव्या गोळीवरचा. त्याची शेवटची तपासणी राहिली होती. सरांना डोळ्याच्या गडबडीत कशाला विचारायचं, म्हणून मी विचारलं नाही. बंड्या कधी बोटीवर पाय ठेवणारा नव्हता, तरी मी त्यालाही इतरांबरोबर बोटीवर चढवून दिलं होतं. ते मी सांगितलं तेव्हा बंड्या टेबलाखाली पडून कान खाजवत होता.

सर खुर्चीत बसले.

"एकदा पहाटे ओकला होता," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी परत. मी म्हटलं, बांगड्याचं डोकं खाल्लंन असेल. तुझ्या काकूला ओरडलो, डोकी परसात टाकतेस म्हणून. गोळ्या तीच द्यायची, तिला चार दिवस बंद ठेवायला सांगितल्या. मग राहूनच गेल्या." त्यांनी खाली वाकून बंड्याकडे बघितलं. "बारा वर्षं हा बांगड्याची डोकी खातोय. कधी ओकला नाही. आणि मी पशुवैद्य!"

दुसऱ्या दिवशी ते दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले, म्हणजे उभे राहून सांगायला लागले आणि मी लिहायचं. तेव्हा आमचं भांडण झालं. नव्या गोळीवरच्या विसांपैकी पाच कुत्री ओकून गळाली, त्यातलं एक मेलं, हे छापून आलं की पुण्याची जागा गेलीच. मी तसं म्हणाले. "तुमचं सगळं करून झालंय, सर. तुमचं काय जातंय?"

"माझं?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं दुसऱ्यांची कुत्री मोजली, आणि घरातलं राहिलं. लिही. पहिलं वाक्य, सत्तावीस नंबरचा कुत्रा लेखकाच्या घरचा. त्याने तो ओकताना डोळ्यांनी बघितला, आणि नोंद केली नाही."

"हे नको, सर. लोक हसतील."

"हसू देत. हसतील तरी वाचतील."

मी लिहिलं. कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, सहाच तर कुत्री आहेत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि त्यानंतर त्यांचा फोन कधीच आला नाही. मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला आणि स्वतःचा कप घेऊन फाटकापर्यंत चालत गेले.

दुरुस्ती पुष्कळ महिन्यांनी छापून आली, मासिकाच्या शेवटच्या पानावर, एका कोपऱ्यात. कोणी हसलं नाही, कारण बहुधा कोणी वाचलीच नाही. फक्त दापोलीहून एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे दोन म्हाताऱ्या कुत्र्या त्या गोळीवर होत्या आणि त्यांना काळी शी होत होती. त्यांनाही बोंबील, बांगडा असंच काहीतरी वाटलं होतं. दोघींची गोळी त्यांनी त्या दिवशी थांबवली. सरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "दोन उतरल्या." मला पुण्याची आठवण त्यानंतरही येत राहिली, पण तेवढी टोचेनाशी झाली.

मागच्या वर्षी सरांना रक्ताचा आजार निघाला. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी चालू होती, त्यात त्यांनी आनंदानं नाव दिलं. तिथल्या तरुण डॉक्टरला त्यांनी विचारलं म्हणे, "चिठ्ठी कोणी काढली? तुम्हाला ठाऊक आहे का मला काय देताय ते?" त्याला ठाऊक नव्हतं. सर खूष झाले. मला फोनवर म्हणाले, "मांडणी चांगली आहे. माझा नंबर एकोणीस."

दोन महिने त्यांनी औषध घेतलं. पोटात अन्न ठरेना, तळपाय जळायला लागले, जमिनीवर पाय टेकवेना. ज्या माणसानं आयुष्यात चहा बसून घेतला नव्हता, तो खाटेला खिळला. शेवटी त्यांनीच ठरवलं, आता बास, घरी जायचं. मी बघायला गेले तेव्हा त्यांचा हात बंड्याच्या डोक्यावर होता. बंड्याही आता जेमतेमच चालत होता.

"मेघा, कागद घे," ते म्हणाले. "मी मधेच उतरलोय. त्यांना कळव. आणि का ते पण कळव. नाहीतर लिहितील, रत्नागिरीचा माणूस, लांब पडलं असेल."

दोन दिवस सकाळी थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. कितव्या दिवसापासून मळमळ, पाय कधीपासून जळायला लागले, किती गोळ्या उरल्या. शेवटी पेन्सिलीनं वेडीवाकडी सही केली. मी त्याच दिवशी फोन लावला, पण कोणी उचलला नाही. पाठवलेल्या मेललाही उत्तर नव्हतं. चौथ्या दिवशी सर गेले.

मला रडू आलं ते स्मशानातून परतलेल्या माणसांना बघून. फाटकातून एकेक जण आत येत होता, आणि मी त्यांना मोजत होते.

तेराव्यानंतर दवाखाना उघडला आणि पुन्हा फोन लावला. या वेळी एका मुलीने उचलला. मी नंबर सांगितला. कागद चाळल्याचा आवाज आला.

"एकोणीस... हो. यांचं आहे ना लिहिलेलं. गाव लांब असल्याने पाठपुरावा झाला नाही." तिचा आवाज गोड होता. तिला घाई होती, आणि त्या वाक्यात तिला काही खटकलं नव्हतं. मलाही एके काळी खटकलं नव्हतं.

"ते खोडा," मी म्हणाले.

"मॅडम, आपण कोण बोलताय?"

"त्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर. त्यांच्या सहीचा कागद आहे माझ्याकडे. तुमच्या साहेबांना द्या, नाहीतर मी तिकडे येते. पण आधी तुम्ही लिहून घ्या."

तिने पेन शोधलं असावं. मग म्हणाली, "सांगा."

मी खुर्चीतून उठले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात तो पेन्सिलीचा कागद. खिडकीपर्यंत गेले, कपाटापर्यंत परत आले, पुन्हा खिडकीपर्यंत गेले.

"एकोणीस नंबर," मी म्हणाले. "मधेच उतरले. कारण सांगते."